सावली किती घ्यावी?

कॅम्परव्हॅनच्या बाजूला बसवायचं कापडी छत घेताना लोक लांबी, वजन, कापड आणि किंमत पाहतात. त्या सगळ्याच्या आधी येणारा प्रश्न मात्र धर्मशास्त्राच्या जातीचा आहे: घर सोडून उघड्यावर राहायला निघालेल्या माणसाने स्वतःला किती झाकून घ्यावं? बाजारात याची दोन उत्तरं मिळतात. एक नुसतं छत. गाडीच्या कडेच्या पेटीतून ते बाहेर ओढायचं, दोन पाय टेकवायचे, ताणदोर खुंट्यांना बांधायचे आणि पाणी साचू नये म्हणून एक पाय थोडा खाली ठेवायचा. दुसरं म्हणजे चारी बाजूंनी कनाती, खाली अंथरलेली जमीन आणि चेन लावून बंद होणारं दार असलेली अख्खी कापडी खोली. माझ्या मते पहिलं उत्तर बरोबर आहे. काटकसर किंवा सोय हे त्यामागचं कारण नव्हे. तात्पुरता निवारा कशाला म्हणावं याचा विचार माणसांनी फार पूर्वी, फार बारकाईने केलेला आहे, आणि तो विचार त्या नुसत्या छताच्या बाजूने जातो.

हा विचार सर्वांत नेटाने केला यहुदी धर्मशास्त्राने. सुक्कोथच्या सणात सात दिवस पक्क्या घराबाहेर, फांद्यापानांनी शाकारलेल्या खोपटात राहावं, अशी आज्ञा आहे. कोकणातून आलेले मराठी बेने इस्रायलीही हा सण पाळतात. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात या खोपटाची मापं आहेत. छपराखाली उन्हापेक्षा सावली जास्त हवी. उंची वीस हातांपेक्षा, म्हणजे साधारण नऊ-साडेनऊ मीटरपेक्षा, जास्त नको. ही मर्यादा का, यावर पुढे तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, खल झाला आणि तीन वेगवेगळी कारणं पुढे आली. एक म्हणतो, त्याहून उंच छपराकडे नजर जात नाही. दुसरा म्हणतो, मग माणूस छपराच्या नव्हे, भिंतींच्या सावलीत बसतो. तिसऱ्याच्या मते इतकं उंच उभारायचं तर बांधकाम पक्कं करावं लागतं, आणि पक्कं झालं की ते खोपट राहत नाही. कनातीबंद खोलीवर यातले शेवटचे दोन्ही आक्षेप लागू पडतात. तिच्यात आसरा भिंती देतात, आणि ती एकदा लावली की पुन्हा उतरवायला हात धजावत नाही.

मिश्ना आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती थेट आपल्या विषयाची आहे. गाडीवर किंवा जहाजावर उभारलेलं खोपटही चालतं. तालमुदात याला जोडून एक प्रसंग येतो. रब्बी अकिवांनी जहाजाच्या नाळेवर खोपट उभारलं आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ते उपटून नेलं. तेव्हा रब्बान गमलिएल यांनी त्यांना विचारलं, अकिवा, तुझं खोपट कुठे आहे? समुद्रावरच्या वाऱ्यात टिकत नाही ते खोपटच नव्हे, असं गमलिएल मानत होते. अकिवांच्या मते जमिनीवरच्या नेहमीच्या वाऱ्यात ते टिकलं म्हणजे पुरे. पुढच्या परंपरेने अकिवांचं म्हणणं स्वीकारलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. नेहमीचा वारा सोसायचा आणि त्यापलीकडच्या वाऱ्यात निवारा गेला तरी त्याला दोष द्यायचा नाही, अशी मर्यादा त्याने घालून दिली. वारा वाढला की छत गुंडाळून घेणारा प्रवासी हीच मर्यादा पाळत असतो.

यावर जाणकार हरकत घेईल की खोपटाचं छप्पर जमिनीतून उगवलेल्या वस्तूचंच लागतं. ॲक्रिलिकचं किंवा विनाइलचं कापड त्या शास्त्रात बादच ठरेल. हे खरं आहे, आणि गाडीच्या छताखाली सण साजरा होतो असा माझा दावाही नाही. पण कापड बाद ठरवणाऱ्या नियमाचं काम वेगळं आहे. उंचीचा आणि वाऱ्याचा नियम तात्पुरतेपणाबद्दल बोलतो, आणि मी आधार घेतो तो त्याचा.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. सावलीच कमी घ्यायची तर छत तरी कशाला? उघड्यावर यायचं तर पुरतं यावं. इथे इस्लाममधला एक नियम विचारात घ्यावा लागतो. बऱ्याच शिया धर्मशास्त्र्यांच्या मते इहराम बांधलेल्या, म्हणजे मक्केच्या यात्रेसाठी व्रतस्थ झालेल्या, पुरुषाने दिवसा छप्पर असलेल्या वाहनातून प्रवास करू नये. म्हणून मक्केच्या वाटेवर बिनछपराच्या बसगाड्या दिसतात. मात्र मुक्कामी पोचल्यावर त्याच माणसाला तंबूत बसता येतं. सुन्नी पंथांत छपराचं वाहन सर्रास चालतं. वाटेत छप्पर नको आणि मुक्कामी चालतं, हा फरक का, असं शियांचे इमाम मूसा काझिम यांना विचारलं गेल्याची परंपरा आहे. त्यांनी तर्क लढवला नाही, पैगंबरांच्या आचरणाकडे बोट दाखवलं. त्यामुळे पुढचा अर्थ माझा आहे, त्यांच्या माथी मारू नये. मला त्या नियमात सावलीचा निषेध दिसत नाही. तिची जागा ठरवलेली दिसते: चालताना नाही, थांबल्यावर आहे. गाडीचं छतही थांबल्यावरच उघडतं, आणि निघण्याआधी मिटावं लागतं.

मग आजारी माणसाचं काय, तान्ह्या मुलाचं काय? त्यांच्यासाठी कनाती लावाव्यात, बिनदिक्कत लावाव्यात. आजारी माणसाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनाही खोपटात राहण्यापासून मिश्नाने सूट दिली आहे. जोराच्या पावसात घरात जायलाही परवानगी आहे. सोळाव्या शतकात क्राकोवचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी तर बजावलं की सूट असताना हट्टाने भिजत बसणाऱ्याला पुण्य नाही, तो अडाणीच. गाडीतच बारमाही राहणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. ज्याला मागे पक्कं घरच नाही, त्याला घर सोडण्याचे नियम सांगणं अन्याय ठरेल; त्याने हवी तेवढी मजबूत खोली उभारावी. मी बोलतो आहे ते घराला कुलूप लावून आठ दिवसांसाठी निघालेल्यांशी. त्यांनी नुसतं छत घ्यावं, वाऱ्यात ते आवरावं, आणि भिजलं असेल तर घरी पोचल्यावर पुन्हा उघडून वाळवावं, नाहीतर कापडाला बुरशी येते.