बांधावरचा आकडा

नांदेडची माझी भाची बी.एस्सी. झाली आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या पहिल्या मुलाखतीला पुण्याला गेली. समोर एक कागद ठेवला गेला. त्यावर एकच चौकट होती : वय, १८ ते ६०. ‘‘यात काय काय टाकून बघशील?’’ तिनं २५ सांगितलं, मग ४०. समोरचे थांबून राहिले, ती पण थांबली. रात्रीच्या पनवेल-नांदेडनं परत निघाली, लातूर मागं पडलं तरी तिचा डोळा लागला नव्हता. घरी आल्यावर म्हणाली, ‘‘मामा, पंचवीस टाकला की ते घेणारच. मग बघायचं काय?’’

मी तिला विचारलं, शेताची भांडणं कुठं होतात? मधोमध कधी होत नाहीत, बांधावर होतात. तसंच हे. १७ टाक, १८ टाक, ६० टाक, ६१ टाक. चौकट रिकामी सोड. इंग्रजी आकड्यांऐवजी मराठी १८ लिहून बघ.

४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत भरकटून फुटलं, ते अशाच एका बांधावर. ३२,७६७ पर्यंतच मावेल अशा जागेत त्याहून मोठा आकडा आला. आधीच्या एरियान-४ मध्ये तोच प्रोग्रॅम नीट चालला होता, म्हणून नव्या रॉकेटच्या वेगाचे आकडे घालून तो कुणी तपासला नाही. चाललेलं पुढंही चालेल असं धरून चालणं, एवढीच ती चूक.

आपल्या पोरांची अडचण मला इथं दिसते. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याला मान दिला, तो घासून सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांच्या जोरावर. ती चिकाटी टेस्टिंगलाही लागते. एक दुरुस्ती झाली की जुनं सगळं पुन्हा तपासावं लागतं, न कंटाळता. टेस्टिंगमधली आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा, ४० प्रश्न आणि पास व्हायला २६ गुण, आपली मुलं सहज काढतील. पण प्रत्यक्ष कामात चार पर्याय कुणी देत नाही. प्रश्न आपणच काढायचा असतो. आणि पैसे भरून दोन वर्षांच्या खोट्या अनुभवाचं पत्र घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ते करू नका. ज्याचं काम खोटं पकडायचं, त्यानं सुरुवात खोट्यानं करायची का?

अनुभव आपल्याकडं आहेच. नेट कॅफेत बसून शिष्यवृत्तीचे फॉर्म कुणी भरलेत? रेंज गेल्यावर ओटीपीची वाट कुणी बघितली? भाचीला म्हटलं, तेच लिहून काढ. कोणत्या पायऱ्या केल्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

परवा तिनं वही आणून दाखवली. मागच्या वर्षी एका फॉर्मवर उत्पन्नाचा दाखला ‘२०० केबीपर्यंत’ मागितला होता. तिचा बरोबर २०० चा होता, तो घेतला नाही. दुकानदारानं तो १९९ चा करून दिला, मग लगेच गेला. तेव्हा तिनं दहा रुपये देऊन विषय सोडला होता. आता तिन्ही रकाने भरले होते आणि पेन ‘पर्यंत’ या शब्दावर टेकवून ती मला विचारत होती, ‘‘मामा, पर्यंत म्हणजे दोनशे धरूनच ना?’’