शून्यावरचा पारा

एप्रिलच्या एका दुपारी नात शाळेचा थर्मामीटर घेऊन स्वयंपाकघरात आली. दुसऱ्या हातात शेजारून आणलेला बर्फ. आमच्याकडे उकळून गार केलेलं पाणी पितात, बर्फ अभक्ष्य. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आजी, खायचा नाही गं, मोजायचाय."

पातेल्यात थोडं पाणी, त्यात बर्फाचा चुरा. ती ढवळत होती, मी दर दोन मिनिटांनी वहीत आकडा लिहीत होते. पारा झरझर उतरला आणि शून्यापाशी बसला तो बसलाच. बाहेर बऱ्हाणपूरचं ऊन, बर्फ डोळ्यांदेखत विरघळतोय, आकडा मात्र शून्य! शेवटचा तुकडा विरला, तेव्हा कुठे पारा हलला.

"मग मधली उष्णता गेली कुठे?" मी विचारलं. तिने समजावलं: एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला 80 कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून 80 अंशांवर गेलं असतं. पण बर्फात ती नुसती वितळण्यातच खर्ची पडते. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक यांनी ती मोजली. नाव, अप्रकट उष्मा.

तो 'अप्रकट' शब्द मनात रुतला. वाटणीवरून धाकट्या जावेशी बिनसलं, त्याला सहा वर्षं झाली. दर संवत्सरीला मी फोन करून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणते. ती "हं" म्हणून फोन ठेवते. यंदा करायचाच नाही, असं ठरवलं होतं. काय उपयोग?

म्हणजे मी दर वर्षी पाराच बघत होते की! क्षमा मागितली, आता आकडा दाखव. मैत्रिणींनो, ही क्षमा की वसुली? आमच्या लालबागेत कुंडी भंडारा आहे. 1615च्या सुमारास, खानखानांच्या काळात बांधलेला. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी तिथे जमिनीखालून वाहतं. वरून चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

माणूस म्हणजे बर्फ नव्हे, हेही खरं. तो वितळेलच याची हमी नाही. पण थिजलेली तीच, हे तरी कुणी ठरवलं? वाटणीच्या दिवशी मी तिच्या माहेराबद्दल जे बोलले, ते सहा वर्षांत एकदाही उच्चारून मागे घेतलेलं नाही. 'मिच्छामि दुक्कडम्'च्या आड ते अजून तसंच आहे.

यंदा फोन नाही करणार. शनवाऱ्याला तिच्या घरी जाईन आणि तेच वाक्य काढून माफी मागेन. संवत्सरीपर्यंत थांबणारही नाही. ती "हं" म्हणाली, तरी चालेल.