हात छातीवर ठेवा



मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे आपली चर्चेस बंद झाली. त्या वर्षीचा १२ एप्रिलचा ईस्टर आपण घरीच साजरा केला. १६ नोव्हेंबरला राज्यातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली, तेव्हा दारातले पवित्र पाण्याचे पात्र कोरडे होते. तरीही आपला हात आपसूक तिकडे गेला. बोटे कोरड्या दगडाला लागली आणि आपण थबकलो. कित्येक वर्षांनी त्या दिवशी आपण क्रुसाची खूण जाणीवपूर्वक केली.

सवय ही वाईट गोष्ट नाही. आईने बोट धरून शिकवले म्हणून ती खूण आजही आपल्या हाताला येते. दिवेलागणीला रोझरी हाती घ्यायला निश्चय करावा लागत नाही. पण ज्या वाटेने चांगले शिरते त्याच वाटेने वाईटही शिरते. नगर रोडच्या गर्दीतून गाडी काढत आपण थकून घरी पोहोचतो. मूल धावत येऊन दार उघडते आणि आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, "अभ्यास झाला का?" पाठोपाठ आवाज चढतो. रागवायचे असे आपण ठरवलेले नसते. रोज तेच दार, तोच थकवा, तेच वाक्य. मग एके दिवशी लक्षात येते की बेल वाजली तरी मूल दाराशी येत नाही.

पापनिवेदनाला गेल्यावर आपण हे सांगतो. मागच्या वेळी जे सांगितले तेच, त्याच क्रमाने. मन हलके होते आणि संध्याकाळी पुन्हा आवाज चढतो. आपला पश्चात्ताप खोटा नसतो, पण त्याचीही आपल्याला सवय झालेली असते. जे करावेसे वाटते ते होत नाही आणि जे नको तेच घडते, ही व्यथा संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ७व्या अध्यायात मांडली आहे.

पेत्राचेही असेच झाले. महायाजकाच्या अंगणात शेकोटीपाशी बसलेला असताना एका दासीने त्याला ओळखले. त्याने नकार दिला. दुसऱ्यांदा विचारले, पुन्हा नकार. तिसऱ्यांदा तेच. पहिला नकार भीतीपोटी आला असेल, पण पुढचे दोन त्याच वाटेने आले. तो बोलत असतानाच कोंबडा आरवला. संत लूक सांगतात की त्या क्षणी प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले. तेव्हा पेत्र भानावर आला, बाहेर गेला आणि रडला. कोंबड्याने त्याला उपदेश केला नाही, फक्त थांबवले. प्रभूची नजर मात्र तोवर त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

आपल्या घरात असा कोंबडा कोण आरवणार? संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. त्यात एक साधा उपाय आहे. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच तो मनाशी आणायचा. दुपारी आणि रात्री आपण कितीदा चुकलो ते आठवून कागदावरच्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे आणि कालच्या रेघेशी आजची ताडून पाहायची. आणि चूक घडेल त्या क्षणी हात छातीवर ठेवायचा. चारचौघांतही हे करता येते, कुणाला कळत नाही.

या परंपरेतले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी १९७०च्या दशकात आपल्याच पुण्यात, डी नोबिली कॉलेजमध्ये, साधनेचे वर्ग घेतले. श्वासाकडे, कानावर पडणाऱ्या आवाजाकडे नुसते लक्ष द्या, इथून ते सुरुवात करीत. पुढे त्यांच्या काही मतांबद्दल ख्रिस्तसभेने १९९८ साली सावधगिरीची सूचना दिली. पण जागे राहून प्रार्थना करावी, हा धडा मुळात गेथशेमनेच्या बागेत प्रभूनेच शिष्यांना दिला होता.

तेव्हा या आठवड्यात आपण एकच सवय निवडू या. बेलकडे गेलेला हात मागे घेऊन क्षणभर छातीवर ठेवू या आणि आत असलेल्या मुलाचे नाव प्रभूपुढे घेऊ या. पहिले काही दिवस विसर पडेल, रागावून झाल्यावरच आठवेल. तेव्हाही हात छातीवर ठेवावा. पुढे वाक्य अर्ध्यावर असताना आठवेल आणि मग एके दिवशी तोंड उघडण्यापूर्वी. दारूसारख्या व्यसनाला मात्र एवढे पुरत नाही. तिथे लाज न बाळगता मदत घ्यावी. १९८६ पासून आपल्या शहरात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करीत आहे. मदत मागणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर, पुन्हा एका शेकोटीपाशी, पेत्राला तीनदा विचारले की तुझे माझ्यावर प्रेम आहे का. तीन नकारांच्या जागी तीन होकार आले. जुनी वाट बुजवायला नवी वाटही तितक्याच वेळा चालावी लागते. आपल्या घरातले मूल लगेच दाराशी धावत येणार नाही, कारण न येण्याची त्यालाही आता सवय झाली आहे. आपण वाट पाहू या. प्रभूने आपली किती वाट पाहिली आहे!

हे प्रभो, आम्ही भान हरपून बोलतो तेव्हा आमच्याकडे वळून पाहा, आणि तुझी नजर आम्हांला जाणवेल इतका वेळ आम्हांला थांबव. आमेन.