लाल रेघ कोणी मारली?

बसा सगळे. दार लावून घे रे कोणीतरी. घंटा झाली तरी उठायचं नाही, पुढचा तासही माझाच आहे.

ही वही ओळखलीत? दोनशे पानी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. काल शाळा सुटल्यावर शिपाईमामांना शेवटच्या बाकाच्या कप्प्यात सापडली आणि त्यांनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. वर नाव नव्हतं म्हणून उघडली. रात्री जेवणं आटपल्यावर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली, कारण पहिल्या खेपेला जे दिसलं त्यावर विश्वास बसेना.

'माय हीरो अकॅडेमिया'च्या जगातला तुमचा खेळ आहे यात. बारा जणांची बारा पात्रं, प्रत्येकाची शक्ती, वेश, टोपणनाव. एकाने पाच-सहा ओळी लिहायच्या, वही पुढच्या बाकावर सरकवायची, पुढच्याने त्यावरून घटना पुढे न्यायची. आरपी म्हणता तुम्ही याला. हे गणिताच्या तासाला चालतं तेही अक्षरावरून कळलं मला, त्याचं मी नंतर बघेन. आज बोलायचंय ते पान 47 बद्दल.

जुलैमध्ये जो मुलगा आपल्या वर्गात नवीन आला, त्याचं हे पान. तो आज आलेला नाही. काल नव्हता, परवाही नव्हता. त्याने आपलं पात्र लिहिलंय, निळ्या पेनाने, एकही खाडाखोड नाही. त्याच्या नायकाला भिंतीपलीकडची पावलं ऐकू येतात. किती लांबची? तर वीस पावलांच्या आतली. त्यासाठी त्याने कंपासने वर्तुळ काढलंय, मध्ये एक टिंब, टिंबापाशी 'मी' असं लिहिलंय. आणि खाली अट घातलीय: शक्ती वापरली की पुढचा तासभर समोरच्याचं बोलणं ऐकू येणार नाही, म्हणून सोबत कोणीतरी लागेल, जो खुणा करून सांगेल. 'जो खुणा करून सांगेल' याच्या खाली त्याने रेघ ओढलीय. एवढंच मागत होता तो तुमच्याकडे.

त्या अख्ख्या पानावर कोणीतरी लाल पेनाने तिरकी फुली मारलीय. खाली लिहिलंय, 'याला पॉवर नाही, हा क्वर्कलेस.' पुढची नऊ पानं तुम्ही पाळीपाळीने त्याला बडवलंय. कोणी भिंतीवर आपटलं, कोणी गोठवलं, कोणी त्याचा वेश जाळला. नऊ पानांत वही एकदाही त्याच्या हातात दिलेली नाही. त्याचं अक्षर पान 47 नंतर कुठेच नाही.

मान खाली घालू नका, माझ्याकडे बघा. जी गोष्ट तुम्ही खेळता ती वाचलीय का तुम्ही?

मी वाचलीय. मे महिन्याच्या सुट्टीत वाचली, कारण तुमच्या निबंधांत, वह्यांच्या समासात, बाकांवर तीच नावं दिसायला लागली होती. माझ्या मुलांना एवढं काय धरून ठेवतंय ते मला कळायला हवं होतं. कोहेई होरिकोशी या जपानी चित्रकाराने ती 2014 च्या जुलैत 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू केली आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये 430 व्या प्रकरणावर संपवली. दहा वर्षं एक माणूस आठवड्यामागून आठवडे ते जग रेखाटत होता. तुम्ही त्यातल्या मारामाऱ्यांचे तुकडे मोबाइलवर बघितलेत आणि त्यावर खेळ मांडून बसलात.

तिची सुरुवात सांगते. जगातल्या शंभरातल्या ऐंशी माणसांना कसली ना कसली शक्ती असते. चार वर्षांच्या इझुकूला आई डॉक्टरकडे नेते, कारण त्याची शक्ती अजून दिसलेली नाही. डॉक्टर पायाचा एक्स-रे दाखवतात, करंगळीतला सांधा दाखवतात आणि सांगतात, याला ती कधीच येणार नाही. घरी तो पोरगा संगणकापुढे बसून ऑल माइट या नायकाचा जुना व्हिडिओ लावतो आणि आईला विचारतो, मला पण असं होता येईल का? आई त्याला कवटाळून रडते आणि माफी मागते. त्याला माफी नको होती. होशील, एवढा एक शब्द हवा होता. हे पान वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

पुढे तो चौदा वर्षांचा होतो, तुमच्याच वयाचा. वर्गातला सगळ्यात ताकदवान मुलगा बाकुगो त्याची वही हातात घेतो, आपल्या तळव्यातल्या स्फोटाने ती होरपळवतो आणि खिडकीबाहेर फेकतो. वर त्याला म्हणतो की पुढच्या जन्मी शक्ती मिळेल या आशेवर गच्चीवरून उडी मार. असलं वाक्य कोणी कोणाला सहज बोललं तरी त्याचं काय होऊ शकतं, हे कळायचं वय आहे तुमचं. बाकुगोला ते कळायला बराच काळ लागला, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्याने सगळ्यांदेखत मान खाली घालून इझुकूची माफी मागितली.

म्हणजे गोष्ट सुरू होते ती शक्ती नसलेल्या पोरापासून आणि त्याच्या फेकलेल्या वहीपासून. तुमच्या बारा जणांत इझुकूला पुढे मिळते तशी शक्ती चौघांनी घेतलीय. पान 47 वर मात्र तुम्ही बाराही जण कोण झालात ते स्वतःच बघा. ही वही मी फिरवणार आहे. प्रत्येकाने ते पान समोर धरून पूर्ण वाचायचं, मगच पुढच्याकडे द्यायची.

वाचताय तोवर ऐका. त्या फेकलेल्या वहीत काय होतं? नायकांची निरीक्षणं. तेराव्या क्रमांकाची वही होती ती, आधीच्या बारा भरलेल्या. कोण कसा लढतो, कुठे कमी पडतो, वेशात कुठली वस्तू कशासाठी आहे, चित्रं काढून काढून लिहिलेलं. म्हणजे तुम्ही ज्याला थिअरी म्हणता तेच तो करत होता, फक्त बघून करत होता. पुढे नायकांच्या शाळेत, वर्गातल्या पहिल्याच सराव लढतीत बाकुगोशी गाठ पडते तेव्हा तीच वही कामाला येते. बाकुगो सुरुवातीला उजवा हात मोठ्याने फिरवून मारतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. तो वार येतो, इझुकू तो हात धरतो आणि बाकुगोला जमिनीवर आपटतो. त्या क्षणी त्याने शक्ती वापरलेलीच नसते.

तुमच्या वहीच्या मागच्या बाजूनेही थिअऱ्या लिहिल्यात. वीस पानं आहेत. सगळ्यांची सुरुवात 'मला वाटतं' आणि शेवट 'बघच तू'. पुरावा म्हणून एका पानाचा, एका प्रसंगाचा उल्लेख नाही. ज्याचा आवाज मोठा त्याची थिअरी खरी, असं दिसतंय. विज्ञानाच्या पेपरात मी 'कारणे द्या' विचारते तेव्हाही तुम्ही असंच करता, निष्कर्ष लिहून मोकळे होता.

इझुकूच्या त्या वर्गात गद्दार कोण, हा प्रश्न जगभरच्या वाचकांनी कितीतरी वर्षं चघळला. पुष्कळांनी अदृश्य मुलगी हागाकुरेकडे बोट दाखवलं, का, तर तिचा चेहरा दिसत नाही. 2021 च्या अखेरीस उत्तर आलं: आओयामा. नाभीतून लेझर सोडणारा, नटवा, ज्याला बघून सगळ्यांना हसू यायचं असा मुलगा. आणि खूण अगदी सुरुवातीपासून समोर होती. लेझर सेकंदभराहून जास्त सोडला की त्याचं पोट दुखायचं. पट्टा बांधल्याशिवाय त्याला शक्ती सांभाळता यायची नाही. सगळे त्या पोटदुखीला हसले आणि पुढे गेले. ती शक्ती त्याच्या शरीराला मानवत नव्हती, कारण ती त्याची नव्हतीच. तोही शक्तीवाचून जन्मलेला. आपलं पोर चारचौघांत वेगळं पडू नये म्हणून घाबरलेल्या आईबापांनी ती ऑल फॉर वन या खलनायकाकडून मिळवली आणि तिथेच सगळे त्याच्या कचाट्यात सापडले. आणि ज्या हागाकुरेवर इतकी वर्षं आळ घेतला, तिनेच त्याचं बिंग फोडलं.

ज्याची उणीव तुम्हाला हसण्यासारखी वाटते, तिथेच गोष्टीचा गाभा असतो. लेखकाने तो डोळ्यांसमोर ठेवला होता. तुम्हाला दिसत नाही कारण उणीव दिसली की तुम्ही लाल पेन काढता.

आता तुमची पात्रं बघू. पान 3: 'याला सगळ्या शक्ती आहेत.' पान 8: 'याच्यावर कोणतीही शक्ती चालत नाही.' पान 12: 'हा वेळ थांबवतो, कितीही वेळ.' पान 20 वर दोघांची लढत आहे. एक लिहितो, मी मारलं. दुसरा लिहितो, मला लागलंच नाही. पहिला, मी पुन्हा मारलं. दुसरा, ती माझी सावली होती. सहा पानं हेच. सहा पानांत कोणाला साधं खरचटलं नाही. असल्या खेळाला तुमच्याच भाषेत गॉडमोडिंग म्हणतात, आणि ते करणाऱ्याबरोबर कोणी दुसऱ्यांदा खेळत नाही हेही तुम्हाला माहीत आहे.

होरिकोशीच्या जगात शक्ती फुकट मिळत नाही. उराराकाने फार वस्तू तरंगवल्या की तिला मळमळतं. आयझावा सरांची शक्ती पापणी लवली की संपते, आणि त्यांचे डोळे कायम कोरडे. काही निर्माण करायचं तर मोमोला त्या पदार्थाची रचना पाठ असावी लागते, रसायनशास्त्राचं पुस्तक न वाचता तिला साधी सळईसुद्धा काढता येत नाही. इझुकूची बोटं मोडतात, एकेक करून. रिकव्हरी गर्ल ती बरी करते तेव्हा त्याच्याच अंगातलं त्राण खर्च होतं आणि एकदा तर ती स्पष्ट सांगते की अशा जखमा मी पुन्हा बऱ्या करणार नाही. जपानी भाषेत या शक्तीला 'कोसेई' हा शब्द आहे. त्याचा अर्थ व्यक्तिमत्त्व, ज्याचं त्याचं असं काहीतरी. 'सगळ्या शक्ती आहेत' असं लिहिलेल्या मुलाला कोसेई कुठली?

शक्तिमान माणसांचे खेळ तुमच्या आधीही खेळले गेलेत. 1981 साली अमेरिकेत 'चॅम्पियन्स' नावाचा खेळ निघाला. त्यात शक्ती विकत घ्यायला गुण लागतात, आणि जास्तीचे गुण हवे असतील तर स्वतःच्या पात्राला अडचणी लावून घ्याव्या लागतात: शत्रू, दुबळेपणा, कोणाची तरी जबाबदारी. जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या लेखक मित्रांनी अल्बुकर्कमध्ये असाच एक खेळ मांडला आणि त्यातून 1987 पासून 'वाइल्ड कार्ड्स'ची पुस्तकं निघाली. त्या गोष्टीत विषाणू पसरतो, शंभरातले नव्वद मरतात, नऊ जण विद्रूप होतात आणि एकालाच शक्ती मिळते. त्या मंडळींनी त्या नऊ जणांच्या गोष्टीही तितक्याच जीव लावून लिहिल्या, म्हणून ती मालिका टिकली.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या जत्रेतला दशावतार तुम्ही लहानपणापासून बघता. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण राजा, कोण राक्षस ते ठरतं, आणि पहाटेपर्यंत जो तो आपली वाक्यं उभ्या उभ्या रचतो. तुमच्या आरपीचंच काम आहे ते, फक्त पेट्रोमॅक्सच्या काळापासून चालत आलेलं. राक्षसाचं काम करणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतं की आपण मरणार. म्हणून तो वार चुकवत बसतो का? तो असा लढतो, असा गर्जतो की पुढच्या रांगेतलं पोर आईच्या पदरात तोंड लपवतं, आणि वार बसला की तितक्याच ताकदीने कोसळतो. त्याच्या पडण्यामुळे राजाची तलवार खरी वाटते. समोरच्याने टाकलेलं वाक्य उचलायचं, त्यात आपलं घालायचं आणि परत द्यायचं, हे सगळ्यात आधी शिकवतात तिथे. तुम्ही समोरच्याचं वाक्य खोडलंत.

आणि ज्याचं खोडलंत, त्या एकट्यालाच या वहीत खेळायचं कसं ते कळलं होतं. त्याने मर्यादा आखली, किंमत ठरवली आणि दुसऱ्या कोणाची तरी गरज लागेल अशी जागा मोकळी सोडली. बारा जणांत एकालाही त्या जागेत उभं राहावंसं वाटलं नाही. मला सगळ्यात जास्त लागलंय ते हे. लाल पेन एकाच्या हातात होतं, पण वही बारा जणांच्या हातून गेली. एकानेही म्हटलं नाही की अरे, त्याला लिहू द्या. यात माझी लाडकी मुलंही आहेत, वर्गप्रमुख आहे, वक्तृत्वात 'समता' या विषयावर बक्षीस घेतलेली मुलगी आहे. तुझ्याकडेच बघतेय मी.

वही फिरून आली? आण इकडे.

काल रात्री त्याच्या आईशी फोनवर बोलले. पोट दुखतंय म्हणून घरी आहे म्हणाली. उद्या पाठवते म्हणाली. वहीचं मी तिला काही सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही हे तो ठरवेल.

त्याची माफी कशी मागायची ते मी सांगणार नाही. पाठ केलेलं वाक्य त्याच्यासमोर घोकलेलं मला चालणार नाही. पान 47 फाडायचं नाही, फुलीवर कागद चिकटवायचा नाही. पुढची नऊ पानंही तशीच राहतील. 57 वं पान कोरं आहे. आज प्रत्येकाने घरी जाऊन आपापलं पात्र नव्याने लिहून आणायचं, एक शक्ती, तिची हद्द, तिची किंमत, एका पानात. मी तपासणार. ज्याच्या पानावर किंमत नसेल त्याला मी परत लिहायला लावीन. उद्या मधल्या सुट्टीत वही आधी त्याच्या बाकावर जाईल. त्याला खेळायचं असेल तर 57 व्या पानावरची पहिली ओळ तो लिहील. नको असेल तर वही माझ्या कपाटात राहील आणि तुमच्यापैकी कोणीही त्याला त्यावरून बोलणार नाही.

आणि त्याच्या पात्राला खुणा करून सांगणारा एक जण लागणार आहे. ते काम करायला कोण तयार आहे, हात वर करा. एवढे नकोत, एकच हवा. लाल पेन ज्याचं होतं, तो उभा राहा.