बळी देण्याआधी मोजा

जयगडमध्ये जयबाची गोष्ट प्रत्येक मूल ऐकतं. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे विजापूरकरांनी किल्ला बांधायला घेतला, पण बांधकाम काही टिकेना. मग नरबळी द्यायचं ठरलं. जयबा नावाचा महार तरुण म्हणे आपणहून पुढे आला. अट एकच, किल्ल्याला माझं नाव द्या. लहानपणी हे ऐकून माझी छाती फुगायची.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजच्या एका जुन्या सर्व्हरवर लिनक्सच्या लॉगमध्ये एक ओळ दिसली. मेमरी संपली आहे, अमुक प्रोसेसला मारा, 'ऑर सॅक्रिफाइस चाइल्ड'. म्हणजे नाहीतर तिच्या मुलाचा बळी द्या. मला थेट जयबा आठवला. मुलाला आधी मारायची ती रीत २०१९ मध्ये कर्नेलमधून काढून टाकली, पण मारणं थांबलेलं नाही. ओटीपी बघायला तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये जाता आणि परत येऊन बघता तर अर्धा भरलेला फॉर्म कोरा. तिथेही बहुतेक वेळा असंच कुणीतरी मारलं गेलेलं असतं.

मग प्रश्न येतो, कुणाला मारायचं हे कोण ठरवतं? ठरवतो हिशेब. आणि हिशेब ठेवणं फुकट नसतं.

आमच्या काकांचं किराणा दुकान आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईकर उतरले की पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी प्रत्येक गिऱ्हाइकामागे गल्ल्याशी जायचं म्हटलं तर दुकानातली पोरं एकमेकांवर आपटतील. म्हणून काका सकाळीच प्रत्येकाच्या हातात पाचशेची मोड देतात आणि वहीत पाचशे खर्ची टाकतात. दिवसभर वही थोडी खोटं बोलत असते. पैसे खिशात असतात, वहीत मात्र गेलेले दिसतात.

कर्नेल हेच करतो. कामांचे गट पाडून प्रत्येक गटाच्या नावावर मेमरीचा हिशेब ठेवायची सोय लिनक्समध्ये २००८ साली आली. ती उभी करणाऱ्यांत बलबीर सिंग हे प्रमुख नाव. गटाचा आकडा एकच आणि प्रोसेसर अनेक. प्रत्येक पानासाठी सगळे त्या एका आकड्यावर धावले तर कामापेक्षा रांगच मोठी होते. म्हणून प्रत्येक प्रोसेसर एकदम ६४ पानांची उचल घेतो. पान ४ केबीचं, म्हणजे २५६ केबी. आठ प्रोसेसर असतील तर साधारण २ एमबीपर्यंतची मेमरी वापरली न जाताही गटाच्या नावावर खर्ची दिसू शकते.

हे चुकीचं आहे का? मला नाही वाटत. अचूकपणालाही किंमत असते आणि ती सगळ्यांच्या वेळेतून जाते. रोजच्या व्यवहारात अंदाज हाच शहाणपणा.

पण गटाची मर्यादा भरली की कर्नेल थेट सुरा काढत नाही. आधी परत मिळण्यासारखी मेमरी शोधतो. मग प्रत्येक प्रोसेसरकडची शिल्लक उचल परत घेतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. तरीही भागलं नाही तरच बळी निवडतो. काकाही रात्री व्यापाऱ्याला द्यायला पैसे कमी पडले की आधी म्हणतात, "खिसे रिकामे करा रे पोरांनो, मग बघू."

माझ्या मागच्या नोकरीत कपात झाली तेव्हा कुणी खिसे रिकामे केले नाहीत. डॅशबोर्डवर प्रत्येकाच्या नावापुढे आकडा होता. आमच्या टीममधली एक मुलगी दिवसभर इतरांचा कोड तपासायची, आमचे बग शोधून द्यायची. ते काम आमच्या नावावर चढलं. तिचा आकडा लहान राहिला आणि ती गेली. माझ्या आकड्यात तिचे किती तास होते ते मला माहीत होतं. मॅनेजरने विचारलं, "यादीबद्दल कुणाला काही बोलायचंय?" मी म्यूटवर होतो. म्यूटवरच राहिलो.

तो डॅशबोर्ड वाईट नव्हता. कोणती टीम कशात अडकली आहे हे बघायला तो पुरेसा होता. पण जो अंदाज सावरता येण्याजोग्या निर्णयासाठी केलेला असतो, तोच न सावरता येणाऱ्या निर्णयासाठी वापरला की तो अन्याय होतो. चूक किती मोठी आहे यापेक्षा ती कुणाच्या मानेवर पडते, हे बघायला हवं.

कर्नेलमधला आणखी एक नियम मला झोपू देत नाही. बळीचे गुण मुख्यतः मेमरीच्या वापरावर ठरतात, पण त्यात उणे १००० ते १००० असा एक आकडा बाहेरून मिळवता येतो. उणे १००० म्हणजे अभय. आपला आकडा वाढवून स्वतःला पुढे करायला प्रोसेसला कुणाची परवानगी लागत नाही. ठरलेल्या पातळीच्या खाली आणून स्वतःला वाचवायचं असेल तर मात्र विशेषाधिकार लागतो.

मग जयबा 'आपणहून' पुढे आला, याचा अर्थ काय? त्या काळात महाराच्या पोराकडे कुठला विशेषाधिकार होता?

गेल्या महिन्यात पुतणीला घेऊन किल्ल्यावर गेलो होतो. गोष्ट ऐकून ती म्हणाली, "काका, आधी पाया नीट बघितला होता का त्यांनी?"

त्या रात्री मी त्या मुलीला मेसेज केला. तेव्हा जे बोललो नव्हतो, ते सगळं लिहिलं. तिच्या नोकरीच्या दृष्टीने उशीर झालाच होता. हिशेब मात्र तिच्या नावावर लागला.