सहीची मुदत

आमच्या सोसायटीच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल दिसली ती ताबा मिळाल्यानंतरच्या सहाव्या पावसाळ्यात. आधी प्लास्टरचे पोपडे सुटले, मग बीमच्या कडेने तपकिरी रेघ उमटली. सळई गंजली की फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते, हे तेव्हा कळलं. बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने चहा मागवला आणि अगदी सौम्यपणे तारीख विचारली. ताब्याची. पाच वर्षं उलटून चार महिने झाले होते. चहा मात्र चांगला होता.

त्या चार महिन्यांचा राग बरेच दिवस टिकला. तो ओसरल्यावर दुसराच प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या इमारतीचा हिशेब बिल्डरने केला नव्हता. तो एका आरसीसी कन्सल्टंटने केला होता, आराखडा आर्किटेक्टचा होता आणि दोघांच्या सह्या नकाशावर ठळक आहेत. त्यांचं नाव आमच्यापैकी एकाच्याही तोंडी कसं आलं नाही?

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये विकणाऱ्यावर एक बंधन आहे: घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष आपल्याला ठाऊक असेल, तर तो सांगायचा. वाडा विकत घेणाऱ्याला एवढं पुरत असावं. तुळईला खिळा टोचून वाळवी कळायची, भिंतीवर बोटांनी वाजवलं की पोकळी कळायची. आरसीसीने ही पारख संपवली. आत सळई किती जाडीची, किती अंतरावर, हे स्लॅब ओतल्यानंतर तीनच माणसांना ठाऊक असतं: ज्याने हिशेब केला, ज्याने बांधली आणि ज्याने पाहून (किंवा न पाहता) सही केली.

पुढच्या कायद्यांनी या तिघांपैकी कुणाला धरलं? महाराष्ट्राने या बाबतीत पुढाकार घेतला हे खरं. घरटंचाईचा फायदा उठवून चाललेले गैरप्रकार पाहून 1963 मध्ये मोफा हा मालकी तत्त्वावरच्या फ्लॅटचा कायदा आला. फ्लॅट विकणाऱ्याला त्याने ‘प्रवर्तक’ म्हटलं. ताब्यानंतर तीन वर्षांत दोष दाखवला तर प्रवर्तकाने तो शक्य तिथे फुकट दुरुस्त करायचा, नाही तर वाजवी भरपाई द्यायची, अशी कलम 7 मधली तरतूद. मग 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणीला ‘सेवा’ ठरवलं आणि ग्राहक मंचाचं दार उघडलं. 2016 च्या रेराने कलम 14 मध्ये तीनाची पाच वर्षं केली आणि दुरुस्तीला तीस दिवस दिले. वर्षं वाढत गेली, दारं वाढत गेली. उत्तर देणारा मात्र एकच राहिला.

रेरात तर हे फारच उघडं दिसतं. ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते काढायला इंजिनिअर, आर्किटेक्ट, चार्टर्ड अकाउंटंट यांचे दाखले लागतात. म्हणजे पैसे सोडवायला सही हवी. भिंत फुटल्यावर कलम 14 त्या सहीकडे बघतही नाही. तत्त्वतः दिवाणी दावा लावता येतो. पण आमचा करार बिल्डरशी, कन्सल्टंटचा करारही बिल्डरशीच. मधल्या या फटीत कोण वकील लावून वीस वर्षं बसणार?

डॉक्टरांना 1995 मध्ये ग्राहक कायद्याखाली आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. वकिलांना सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्यातून बाहेर ठेवलं, तेव्हाही चर्चा झाली. इमारतीवर सही करणाऱ्यांबद्दल इतका वाद कधी कानावर आला नाही. 1972 चा आर्किटेक्ट कायदा नावाचं रक्षण करतो, कामाचं नाही, हेही 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं: ‘आर्किटेक्ट’ म्हणवून न घेता आराखडे करायला मनाई नाही.

इंग्लंडमध्ये हाच वाद वेगळ्या वाटेने गेला. 1977 मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने तपासणीत ढिलाई करणाऱ्या पालिकेलाही घरमालकाला भरपाई द्यावी लागू शकते असं म्हटलं. 1990 मध्ये, मर्फी खटल्यात, त्यांनीच ते फिरवलं. पाया खचून भिंतींना तडे गेलेलं घर; पण कुणाला इजा होण्याआधी दोष सापडला, तर नुकसान नुसतं पैशाचं, आणि करार नसताना ते मागता येत नाही. घर पडून कुणी जखमी झालं असतं तर गोष्ट निराळी! घर बांधण्यात हात असलेल्या साऱ्यांवर, इंजिनिअरवरही, जबाबदारी टाकणारा 1972 चा एक कायदा तिथे होता, पण त्याची मुदत सहा वर्षांची. मग 14 जून 2017 ला लंडनचा ग्रेनफेल टॉवर जळाला, 72 माणसं गेली. 2022 च्या कायद्याने आधी पुऱ्या झालेल्या घरांसाठी सहाची तीस वर्षं केली, तीही मागे जाऊन. मे 2025 मध्ये, यूआरएस विरुद्ध बीडीडब्ल्यू या खटल्यात, सदोष संरचनेचा खर्च इंजिनिअरांकडून मागण्याची वाट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विकसकासाठीही मोकळी ठेवली. त्या इमारती त्याने कधीच विकून टाकल्या होत्या, तरीही.

आपल्याकडे सहीला जाब विचारला जातो तो पोलीस ठाण्यात. 24 ऑगस्ट 2020 ला महाडची पाचमजली इमारत कोसळून 16 जण गेले, तेव्हा गुन्हा बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंटवरही दाखल झाला. 2019 मध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, तेव्हा त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली आहे. शिक्षा वाढली, पण दार तेच: आधी माणूस मरावा लागतो. मर्फीवर हसण्याचा हक्क आपल्याला नाही.

आणि तुरुंगाच्या भीतीने सही सुधारते, असं मला वाटत नाही. ती फक्त सावध होते. भिंतीचं प्रकरण आम्ही शेवटी सिंकिंग फंडातून मिटवायचं ठरवलं आणि आधी ऑडिट करून घेतलं. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला ते सक्तीचं असतं. आम्ही हौसेने केलं म्हणा. एक तरुण इंजिनिअर बाई आल्या, दोन दिवस हातोडीने बीम वाजवत फिरल्या, आठवड्याने अहवाल दिला. छान, फोटोंसकट. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: निष्कर्ष केवळ दृश्य पाहणीवर आधारित, आतील भागाबाबत कोणतीही हमी नाही.

‘‘ही ओळ काढता येईल का?’’ आमच्या सेक्रेटरींनी विचारलं.

‘‘काका, ओळ काढली तर सही काढावी लागेल,’’ त्या म्हणाल्या आणि पिशवीतून शिक्का काढला.

ओळ राहू दिली. अहवाल फाइलमध्ये आहे, ताब्याच्या पत्राच्या मागे.