गरीब आहे हो, काही करत नाही!

सेंट बर्नार्ड, ग्रेट डेन किंवा न्यूफाउंडलंड पाळणाऱ्या प्रत्येक घरात एक वाक्य ठरलेलं असतं. दारातला पाहुणा दचकला की घरातलं कुणीतरी हसून म्हणतं, "गरीब आहे हो, काही करत नाही." वाक्य बहुधा खरंच असतं. सत्तर किलोचं ते जनावर लहान मुलाला अंगावर लोळू देतं, कान ओढू देतं.

मराठीत 'गरीब' शब्द पैशांसाठी वापरतात आणि स्वभावासाठीही. दोन्ही गरिबांमध्ये एक साम्य आहे. ते तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांना कुणी काही विचारत नाही. मग प्रश्न असा पडतो: एखादा जीव तक्रार करणार नाही, याच गुणासाठी त्याला निवडणं कितपत योग्य आहे?

सेंट बर्नार्डचंच बघा. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवर २,४६९ मीटर उंचीवर एक खिंड आहे. तिथल्या मठातले साधू बर्फात अडकलेल्या वाटसरूंना शोधायला हे कुत्रे सोबत नेत. त्यांतला 'बॅरी' सर्वांत प्रसिद्ध. चाळीसहून अधिक जीव वाचवल्याचं श्रेय त्याला दिलं जातं. १८१४मध्ये तो मेला. बर्नच्या संग्रहालयात तो आजही पेंढा भरून ठेवलेला आहे. त्याचं वजन होतं चाळीस-पंचेचाळीस किलो. आजचा सेंट बर्नार्ड त्याच्या जवळजवळ दीडपट. बर्फात चालायला एवढं वजन लागत नव्हतं. भारदस्त कुत्रा माणसांना आवडला, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसेच निवडले गेले.

या आवडीची किंमत कुत्र्याने भरली. एरवी सस्तन प्राण्यांत मोठ्या जातीचा प्राणी जास्त जगतो. उंदरापेक्षा हत्ती कितीतरी जास्त. कुत्र्यांमध्ये मात्र उलटं आहे. चिवावा चौदा-पंधरा वर्षं सहज जगतो. सेंट बर्नार्ड आठ-दहा. पहिलीतल्या मुलासाठी आणलेलं पिल्लू तो दहावीला पोहोचेपर्यंत बहुधा उरत नाही.

त्यात आपला उन्हाळा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो शरीर थंड करतो. अंग जेवढं मोठं आणि केस जेवढे दाट, तेवढं ते अवघड. नागपूरच्या मे महिन्यात हा कुत्रा बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून पडतो आणि आपण फोटो काढून खाली लिहितो, 'आमचा आळशी'.

मला खरी अडचण इथे दिसते. मोठ्या कुत्र्यांत खुब्याच्या सांध्याचे आजार बरेच आढळतात. सांधा दुखू लागला की तो जिना टाळतो, उड्या मारणं सोडतो. आपण म्हणतो, "आता शहाणा झालाय." त्याचं दुखणं आपल्याला सद्गुण वाटतं.

यावर कुणी म्हणेल, आम्ही त्याच्यासाठी एसी लावतो, त्याला जीव लावतो, आणि तो आनंदात आहे. प्रेम खरं आहे, यात शंका नाही. पण त्याच्या समाधानावर कितपत विसंबायचं? "मला काय, मी कशीही राहते," म्हणणारी आजी आपल्या अनेक घरांत होती. सगळे तिला साधी म्हणायचे. तिला काय हवं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं. तिला निदान बोलता तरी येत होतं.

म्हणून असा कुत्रा पाळूच नये, असं मी म्हणणार नाही. पण जो स्वतःसाठी भांडत नाही, त्याच्या वतीने भांडण्याचं काम त्याला घरी आणणाऱ्यावर येतं. आणण्याआधी घरचे विचारतात, "हा मुलांना काही करणार नाही ना?" तेव्हाच दुसरा प्रश्नही विचारायला हवा: आपल्या दोन खोल्या, आपलं ऊन, आपल्या बारा तासांच्या नोकऱ्या याला काही करणार नाहीत ना? उत्तर डळमळीत असेल, तर पिल्लू आणू नये. आणि जो आधीच घरात आहे, तो यंदा जिना चढायला का थांबतो, हे डॉक्टरांना दाखवून घ्यावं. तो स्वतःहून सांगणार नाही.